व्हर्लिनचा ढळता ठिपका

उद्या हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता आणि व्हर्लिन स्टेनसनच्या रायफलीचा नेम लागत नव्हता. विस्कॉन्सिनच्या लाकूडगिरणीत जन्म घालवलेल्या या माणसाने लाल ठिपक्याने नेम दाखवणारी नवी दुर्बीण डोळ्यांपासून लांब, अर्धी रायफलीच्या पक्क्या धडावर आणि अर्धी नळीच्या आवरणावर बसवली होती. जुन्या रायफलीवर नेमाची खाच तशीच पुढे नळीवर असायची, त्याची ही सवय. हाताच्या दाबाने आवरण हलायचं आणि ठिपका ढळायचा.

“अख्खी धडावर बसव म्हणून सकाळपासून ओरडतेय,” बायको मार्लिस म्हणाली.

“लांब असलं की नीट दिसतं!”

“दिसतं ना? मग लागत का नाही?”

चडफडत त्याने दुर्बीण मागे, अख्खी धडावर घेतली. आता नेम नव्याने जुळवायला हवा होता, पण त्याच्या गोळ्या सकाळपासून नेम चुकवण्यातच संपल्या होत्या.

“उद्या मी माझी रायफल घेते,” मार्लिस म्हणाली. “तू कॉफीचा थर्मास घे.”