पडद्यावरचा फौजदार

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यात होता, हे सांगताना माझा गोंधळ होतो. ही एक घटना मात्र तशीच्या तशी समोर उभी राहते. ती मी कधी कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात मला शाबासकी मिळण्यासारखे काही नाही.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील येलदरीच्या कालव्यावर मजुरी करायचे. ज्या दिवशी मी पहिल्यांदा वर्दी घालून घरी गेलो, त्या दिवशी ते माझ्याशी बोलायच्या आधी बाजेवरून उठून उभे राहिले. खाकी कपड्याची किंमत मला तेव्हा कळली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्यात हीच गोष्ट मी विसरलो.

एके दिवशी सकाळी महादेवाच्या देवळात निघालेल्या एका म्हाताऱ्या बाईंना रस्त्यात दोघांनी अडवले. एक साध्या कपड्यांत, दुसरा पोलिसाच्या वर्दीत. "आजी, पुढं चोरी झालीय, दागिने काढून पुडीत ठेवा," असे म्हणून त्यांनी बांगड्या आणि पोत काढायला लावली आणि पुडी बदलली. घरी जाऊन उघडली तर आत खडे. तोतया पोलिसांचा हा प्रकार आमच्याकडे नवीन नव्हता, पण या बाई बाजारातल्या जुन्या व्यापारी घरातल्या होत्या. व्यापारी मंडळी निवेदन घेऊन वरिष्ठांकडे गेली आणि मला रोज वरून फोन येऊ लागले. फिर्यादीत वर्णन होते : वर्दीवाला सावळा, तिशीच्या आतबाहेरचा, बोलायला गोड, मिशी नाही.

आठवडाभराने खबर आली. आमचा खबऱ्या स्टेशनसमोर रिक्षा चालवायचा.

"साहेब, पिंगळीचं एक पोरगं हाय. पोलिसात न्हाई, पर ड्रेस घालून हिंडायलंय. काल तिथल्या फलाटाच्या टोकाला एकटंच उभं राहून मोबाइलसमोर बडबड करायलं होतं. 'कागद दाखव, गाडी बाजूला घे', असलं."

"नक्की?"

"आवो, म्या सलाम ठोकला त्येला. मागून त्येलाच हसू आलं, तवा कळलं."

तासाभरात आम्ही पिंगळीत होतो. घरझडतीत बॅगेत खाकी वर्दी सापडली, इस्त्री केलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पट्टा, टोपी, खांद्यावरचे तारे, छातीवरची नावाची पट्टी, आणि पट्टीवरचे नाव त्याचे नव्हते. पंचांसमक्ष पंचनामा केला आणि त्याला जीपमध्ये बसवले. त्याचे वडील जीपमागे चालत बरेच अंतर आले.

ठाण्यात आणल्यावर तो घाबरला होता, पण बोलत होता. तो म्हणाला की तो नट आहे. सहा वर्षांपासून मुंबईत मालिकांत काम करतो. पहिली दोन वर्षे गर्दीत उभा राहिला. दोनदा प्रेत झाला. मग हवालदार, साहेबांच्या मागे उभा राहणारा, एकही वाक्य नसलेला.

"ड्रेस कशाला बाळगतोस?" मी विचारले.

"स्वतःचा ड्रेस असला की आधी बोलावतात, साहेब. कंपनीचा ड्रेस अंगाला बसत नाही. शूटिंग थांबतं. म्हणून मी परभणीत शिवून घेतला."

त्याने शिंप्याचे नाव सांगितले. त्याच शिंप्याकडे माझी वर्दी शिवलेली होती. आमचा हवालदार हसला. मला राग आला.

"भरती दिली होतीस का कधी?"

"दोनदा. उंची कमी पडली." मग त्याने एक अनावश्यक गोष्ट सांगितली. "कॅमेरा खालून लावला की उंची दिसत नाही, साहेब. भरतीत तसं नसतं."

इतक्या वर्षांत माणसांकडे बघून मी एक गोष्ट शिकलो होतो. खोटे बोलणारा मोजके बोलतो, खरे बोलणारा नको तेवढे तपशील देतो. त्या दिवशी तो तपशिलांवर तपशील देत होता आणि मी त्याच्यातला बनावटपणा शोधत होतो. भरतीत नापास झालेला मुलगा वर्दी शिवून घेतो, यात मला हेतू सापडला होता. तो एकदा सापडला की माणूस बाकीचे ऐकत नाही.

मग मी त्याचा मोबाइल बघितला. त्यात त्याचेच फोटो होते : एक समोरून, एक डावीकडून, एक उजवीकडून. पाठीमागे पांढरी भिंत. आमच्याकडे अटक केलेल्याचे असेच फोटो काढतात.

"याआधी कुठं अटक झाली होती?"

"अटक नाही, साहेब. ऑडिशनला असेच मागतात."

त्यानंतर एक व्हिडिओ लागला. त्यात तो वर्दीत उभा राहून आपले नाव, वय, उंची सांगत होता. उंची दोन बोटे वाढवून सांगितली होती. मग आवाज बदलून एका म्हाताऱ्याला दरडावत होता. हवालदार म्हणाला, "साहेब, सराव चाललाय की ह्याचा."

"नाटक पुरे," मी म्हणालो. हातातले घड्याळ काढून टेबलावर ठेवले, खुर्ची पुढे ओढली आणि शांत आवाजात विचारले, "चहा घेणार का?" ही माझी जुनी सवय होती; घरातही राग आला की मी असेच करायचो. घड्याळ काढले की ठाण्यातल्या सगळ्यांना कळायचे की आता काय होणार. त्याला कळले नाही. तो "हो" म्हणाला. मी त्याला दोन थपडा मारल्या.

तो रडायला लागला. नट आहे असे स्वतःच सांगितल्यामुळे त्याचे रडणेही मला खोटे वाटले.

रडतच त्याने दोन गोष्टी सांगितल्या. घटनेच्या दिवशी तो मुंबईत शूटिंगवर होता आणि तिथल्या रजिस्टरात त्याची सही होती. दुसरी म्हणजे, सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला बोलायची भूमिका मिळाली होती. फौजदाराची, नाव असलेली, बरेच दिवस चालणारी. अर्धी झाली होती. चार दिवस काम नव्हते म्हणून गावी आला होता. उद्या सकाळी सेटवर हजर व्हायचे होते, त्यासाठी संध्याकाळची गाडी पकडायची होती.

"साहेब, एक फोन करू द्या. उद्या मी नाही पोचलो तर दुसरा घेतील."

"साथीदाराला सावध करायचंय का?" मी म्हणालो आणि मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. मुंबईला स्वतः फोन करून खात्री करावी, हे मला सुचले नव्हते असे नाही. सिनेमावाले आपल्याला कशाला खरे सांगतील, असे मनाशी म्हणून मी ते टाळले. तपास संपत आला आहे, असे मी सकाळीच वरिष्ठांना कळवून बसलो होतो.

आता जे लिहितो त्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. त्याला जाड, पिळदार मिशी होती आणि फिर्यादीत मिशी नव्हती. ओळख परेड कायद्याने दंडाधिकाऱ्यांसमोर घ्यायची असते आणि तोवर संशयिताचा चेहरा झाकून ठेवायचा असतो. हे नियम मी नवीन पोरांना शिकवायचो. तरीही मी चौकातल्या न्हाव्याला ठाण्यात बोलावले.

वस्तरा बघितल्यावर तो तरुण बाकावरून उठला आणि त्याने हात जोडले.

"साहेब, मिशी नका काढू. डोकं भादरा. काय करायचं ते करा. मिशी नका. अर्धं शूटिंग ह्याच मिशीवर झालंय."

आम्ही हसलो. मीही हसलो. न्हावी तेवढा हसला नाही. "साहेब, खरंच काढू का?" असे त्याने दोनदा विचारले. मी "काढ" म्हणालो.

मग फिर्यादी बाईंना बोलावून खिडकीतून त्याला दाखवले. त्यांनी बराच वेळ बघितले.

"ह्याला म्या बघितलंय."

"कुठं बघितलं, आजी?"

"पोलिसाच्या कपड्यातच बघितलंय की. तोंड वळकीचं हाय."

मला तेवढे पुरे होते. त्याची गाडी संध्याकाळी गेली. त्याला सोडले नाही, अटकही दाखवली नाही. स्टेशन डायरीत 'चौकशीकामी बोलावले' अशी नोंद होती आणि ती दुसऱ्या दिवशीही तशीच ठेवली. चोवीस तासांच्या आत न्यायालयात हजर करायचे असते, हे वाचकांना माहीत असेल. मला नक्कीच माहीत होते.

त्याचे वडील दोन्ही दिवस ठाण्याच्या आवारातल्या लिंबाखाली बसून होते. एकदा मी बाहेर आलो तेव्हा ते उभे राहिले. माझे वडील उभे राहिले होते, अगदी तसेच.

"साहेब, पोरगं खोटं बोलंना तुमच्यासंगं. त्याला खरं पोलीस व्हायचं व्हतं, जमलं न्हाई. टीव्हीत झालं तर आमाला तेबी लय वाटलं. त्याच्या आईनं ड्रेसला हळदकुंकू लावलंय, बगा कॉलरला डाग हाय."

मी तसाच वळलो. आत येऊन मुद्देमालातली वर्दी काढली. कॉलरच्या आतल्या बाजूला खरोखर डाग होता. तो मी पंचनाम्याच्या वेळीच बघितला होता आणि कसला आहे हे विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमची एक महिला शिपाई डबा खाता खाता मोबाइलवर मालिका बघत होती. ती डबा तसाच ठेवून माझ्याकडे आली.

"सर, जरा बघा. हाच आहे."

पडद्यावर तो होता. पिळदार मिशी, परभणीत शिवलेली वर्दी, छातीवर तीच नावाची पट्टी. एका घरात शिरून शांतपणे प्रश्न विचारत होता.

"ही मालिका किती वाजता लागते?" मी विचारले.

"रोज साताला. आमची आईपण बघते."

मी फिर्यादी बाईंच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला. सासूबाई रोज सातला काय करतात, असे विचारले. ती म्हणाली, "मालिका लागती. त्या वेळी कुणी बोललेलंबी चालत न्हाई त्यांना." मग आजींनीच फोन घेतला आणि मी विचारले, खिडकीतून दाखवलेला तो मालिकेतला फौजदार तर नव्हता ना. "आवो साहेब, तरीच म्हनलं तोंड वळकीचं हाय! त्यो तर चांगला हाय हो, गरिबाच्या बाजूचा फौजदार हाय. त्येला कशाला धरलंय?"

यानंतर मी मुंबईला फोन केला. पाच मिनिटेही लागली नाहीत. रजिस्टरच्या पानाचा फोटो आला, घटनेच्या दिवशीची सही होती. तिकडचा माणूस म्हणाला, "साहेब, दोन दिवस त्याचा फोन बंद. सेट लागलेला, सगळे थांबलेले. काल दुसरा घेतला. गोष्टीत लिहून टाकलं की आधीच्या फौजदाराची बदली झाली."

"त्याची मिशी..." मी कसाबसा म्हणालो.

"मिशी काय, चिकटवता आली असती. माणूस तर यायला पाहिजे ना."

मी त्या तरुणाला समोर बसवले. गैरसमज झाला, एवढेच म्हणालो. चूक माझी आहे असे म्हणालो नाही. उलट 'माझी पोलिसांविरुद्ध काही तक्रार नाही' असे त्याच्याकडून लिहून घेतले आणि खाली सही घेतली. त्याचे अक्षर सुंदर होते. नंतर कळले की तोही घरातला पहिलाच पदवीधर. भूमिका दुसऱ्याला गेली, हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने नुकताच भादरलेला वरचा ओठ बोटांनी चाचपला. मग फक्त एवढे विचारले,

"ड्रेस परत मिळेल का, साहेब? त्याच्यावर काम मिळतं."

मी वर्दी दिली. ती घडी करून देण्याचे भानही मला राहिले नव्हते. त्याच्या वडिलांनी बाहेर लिंबाखाली ती नीट घडी केली आणि दोघे पायीच स्टेशनकडे गेले. ठाण्यात जीप उभी होती.

खरे आरोपी काही आठवड्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात पकडले गेले. बांगड्या सापडल्या. सत्कारात माझेही नाव होते आणि मी शाल घेतली. पुढे मी कुणाही संशयिताने सांगितलेला पहिला फोन आधी स्वतः लावायचा, असा नियम ठेवला आणि निवृत्तीपर्यंत पाळला. त्यामुळे काही माणसे वाचली असतील. पण ज्याच्यामुळे मी हे शिकलो, त्याच्या गेलेल्या दिवसांची भरपाई त्यातून होत नाही. त्याने पुन्हा गर्दीपासून सुरुवात केली असेल, असे मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी बायको टीव्ही बघत होती. मी पेपर वाचत होतो. आवाज ओळखीचा वाटला म्हणून वर बघितले. तोच होता. अंगाने भरला होता, मिशी नव्हती. पोलीस अधिकाऱ्याचीच भूमिका होती आणि आता पडद्यावर बराच वेळ तोच दिसत होता. समोर एक घाबरलेला मुलगा बसला होता. अधिकाऱ्याने हातातले घड्याळ सावकाश काढून टेबलावर ठेवले, खुर्ची पुढे ओढली आणि अगदी शांत आवाजात विचारले,

"चहा घेणार का?"

बायको हसून म्हणाली, "अहो, हे तर हुबेहूब तुम्ही. कुठं बघितलं असंल हो त्यानं असलं? तुम्हाला कधी भेटला होता का हा?"

मी "नाही" म्हणालो आणि पेपर तोंडासमोर धरला.

तिला खरे सांगायचे धाडस झाले नाही, म्हणून हे लिहिले. छापून आले की आधी तिलाच वाचायला देणार आहे.