दिघे काकांनी वापरायला दिलेलं घर

दिघे काकांना सरकारी नोकरीतला कुठलाही नियम विचारला की ते बसल्या जागी चालायला लागत. डोळे मिटलेले, खुर्चीखाली पावलं एकेक करून उचलली जाताहेत, उजवा हात हवेतच कडी काढतोय. "दारात आलो. चपला काढल्या. डावीकडे फ्रीज," असं पुटपुटत ते मध्येच थांबत आणि नियम पोटनियमासकट सांगून टाकत. दिल्लीतल्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून ते निवृत्त झाले होते. मयूर विहारच्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी सकाळी ते आम्हा पाच-सहा मराठी कारकुनांना खात्याच्या परीक्षेसाठी फुकट शिकवायचे. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आमच्यावर ओरडायची हौस ते मनसोक्त भागवून घेत.

"पाठ करू नकोस, ठेव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पाठ केलेलं परीक्षेच्या दिवशी दगा देतं. घरात जागेवर ठेवलेलं अंधारातसुद्धा सापडतं." म्हणजे आपलं घर डोळ्यांसमोर आणायचं, दारापासून निघायचं आणि प्रत्येक वस्तूवर एकेक नियम ठेवत जायचं. शिवाय चित्र विचित्र हवं. "साधं चित्र डोकं टिकू देत नाही, बेटा. केर समजून झाडून टाकतं."

माझी पंचाईत निराळीच होती. मी साताऱ्याहून आलेली, लक्ष्मीनगरला तिघींच्या खोलीत राहणारी. माझ्या वाट्याला एक पलंग आणि अर्धं कपाट. साताऱ्याचं घर वडिलांच्या मागे विकलेलं. त्या पलंगावर किती नियम मावणार? मी तसं सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "घर नाही? मग माझं घे. चलो, उठा सगळे!" आणि त्यांनी आम्हाला सगळं घर फिरवलं. पुढे बाकीच्यांनीही आपापली घरं सोडून तेच घेतलं, कारण त्यात नियम आयते ठेवलेले होते.

फ्रीजमध्ये एक बाबू कुडकुडत बसला होता, ते निलंबन. "नोकरीत आहे, पण गोठवलेला. वरच्या कप्प्यात निर्वाह भत्ता." बेसिनमध्ये शिस्तभंगाची कारवाई, पलंगाखाली पेन्शन. आणि स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, रजेचे सगळे नियम. ते काकांनी काकूंवरच ठेवले होते.

काकू पोहे परतत उभ्या असायच्या आणि काका त्यांच्याकडे पट्टी रोखून आम्हाला शिकवायचे. "हे बघा, हातात बांगड्यांऐवजी कॅलेंडरं, ती अर्जित रजा. पदर अर्धा कापलेला, अर्धपगारी रजा. तोंडात थर्मामीटर, वैद्यकीय. नलू, हलू नकोस गं!"

"सगळ्या रजा माझ्या अंगावर," काकू म्हणायच्या, "आणि मला सुट्टी एक दिवसाची नाही." आम्ही हसायचो. त्याही हसायच्या.

एका रविवारी काका प्रसूती रजेवर आले. "आता कडेवर मूल," ते म्हणाले. "पण विचित्र हवं. तेव्हा मुलाच्या तोंडात कार्यालयाचा शिक्का." काकूंनी गॅस बंद केला आणि बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढायला लागल्या. ते सकाळीच काढून झालेले होते. दोरीवर एक पंचा तेवढा होता. काकांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. पण मी मान खाली घालून ते मूल काकूंच्या कडेवर नीट बसवून घेतलं, कारण मला पास व्हायचं होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

मी पास झाले, बदली होऊन चंदीगडला गेले, परत यायला बरीच वर्षं लागली. परत आले तेव्हा काकूंना जाऊन चार महिने झाले होते. सकाळी चहा केला, ओट्यापाशीच खाली बसल्या, संपलं.

काकांनी दार उघडलं. घर जसंच्या तसं, फक्त फोडणीचा वास नव्हता. भिंतीवर काकूंचा लग्नातला फोटो, ताठ आणि घाबरलेला.

"फोटो आहेत गं," माझी नजर बघून ते म्हणाले. "पण फोटोतली नलू मला काय करायची? मला ओट्यापाशी उभी असलेली हवी. रोज डोळे मिटून जातो. दारातून निघतो, चपला काढतो, फ्रीज, बेसिन, आणि ओट्यापाशी पोचलो की थर्मामीटर. कॅलेंडरं. तिच्या हातात खरंच कुठल्या बांगड्या होत्या, ते आठवत नाही. चाळीस वर्षं समोर होती."

मी काहीतरी समजुतीचं बोलू पाहिलं. त्यांनी हातानेच थांबवलं.

"आणि कडेवर ते मूल. तिला मूल झालं नाही, अनघा. किती डॉक्टर केले, किती रडली. आणि मला आठवते ती मूल घेतलेली. मीच दिलंय. ते उतरवता येत नाही. सगळ्या नियमांना जागा दिली मी या घरात. तिला कुठेच ठेवली नाही."

मग त्यांनी माझा हात धरला. "तू तर दर रविवारी बघितलंस तिला. तू सांग. कशी उभी असायची?"

मी डोळे मिटले. मनापासून मिटले. दारात आले, चपला काढल्या, फ्रीजवरून पुढे गेले. काकू ओट्यापाशी होत्या. तोंडात थर्मामीटर होता.

"सांग ना, बेटा."

"हिरवी साडी," मी म्हटलं. "पदर खोचलेला. गुणगुणत होत्या."

काका माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर कारकुनांची उत्तरं तपासलेला माणूस. "बिल्कुल," ते हळूच म्हणाले आणि माझा हात सोडला. मग रविवारच्या वर्गातल्या एकेकाचं नाव घेऊन विचारत गेले, जोशी कुठे असतो, इनामदारची बदली कुठे झाली. मी फोन नंबर दिले. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळत होतं, आणि जोशी, इनामदार काय सांगतील तेही. ते सगळे याच घरातून पास झाले होते.

त्याच हिवाळ्यात काका गेले. फ्लॅट पुतण्याने विकला. नव्या मालकांनी पहिल्यांदा ओटाच फोडला म्हणे.

आता मीही सेक्शन ऑफिसर आहे. परवा आमच्या सेक्शनमधली एक मुलगी लाजत प्रसूती रजेचा अर्ज घेऊन आली. मी डोळे मिटले. काकू मूल घेऊन उभ्या होत्या. नियम अक्षरन् अक्षर आठवला, आणि मी सही केली.