भरल्या घरचे अणू

चुकलेलं उत्तर सरांना चालायचं, जुळवलेलं चालायचं नाही. शहापूरच्या कॉलेजात ते आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. मुरबाडहून एसटीने यायचे आणि प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या टेबलाटेबलापाशी थांबून विचारायचे, "काय दिसलं?" त्यामुळे त्यांचं नाव 'काय-दिसलं सर' पडलं. अर्थात त्यांच्या पाठीमागे.

आम्ही एकजात बिलंदर. ब्युरेटच्या नळीवरचं रीडिंग चुकलं की शेजारच्या टेबलावरचं उचलायचं. एकदा अख्ख्या वर्गाचं उत्तर तंतोतंत सारखं आलं. सर वह्या मिटत म्हणाले, "छान. पन आज मी दर टेबलाला निराळं द्रावण दिलं होतं." मला मान वर करता येईना.

अणूंचा धडा शिकवताना मात्र ते रंगात यायचे. "बाहेरचं कवच इलेक्ट्रॉननी भरलं की अणू निवांत. भरल्या घरचा तो! कुनाच्या दारात मागायला जात नाय." मी डोळखांबजवळच्या पाड्यावरची. भरलं घर म्हणजे भाताने भरलेली कणगी, एवढं मला पक्कं ठाऊक. धडा डोक्यात घट्ट बसला.

पुढे मी मुंबईत संशोधनाला लागले. सोन्याचं एक संयुग बनवलं होतं, पांढरी पूड. जांभळ्या दिव्याखाली ती निळी चमकायची. एक दिवस खलात घोटली तर पिवळी चमकली. खल धुऊन नवी पूड घोटली, तरी पिवळीच. नुसतं घोटून रंग कसा बदलेल? अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. नमुना बिघडवला असं ठरलं तर माझी जागा जाणार आणि मी परत डोळखांबला. 'निळा' लिहून मोकळं व्हावं असं ठरवलं, पण हात चालेना. सरांना फोन लावला.

"काय दिसलं?"

"घोटल्यावर पिवळं, सर. माझ्याच हातून काहीतरी मिसळलं असेल."

"मिसळलेलं तुला दिसलं?"

"नाही."

"मग दिसलं तेवढंच लिव."

मी 'पिवळा' लिहिलं. मार्गदर्शक रागावले नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून बसले. घोटल्यामुळे सोन्याचे अणू एकमेकांच्या जवळ सरकले होते, म्हणून रंग बदलला होता. या संयुगात त्यांची कवचं भरलेली, तरी त्यांच्यात हलकीशी ओढ असते. हे आधीच्या लोकांना माहीत होतं, मलाच नव्हतं. माझी जागा राहिली, ती सरांमुळे.

साध्या आणि घोटलेल्या पुडीच्या दोन कुप्या आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी घेऊन मी मुरबाडला गेले. सर निवृत्त झाले होते, साखरेच्या दुखण्याने डोळे अधू झाले होते. भरल्या घरचे अणूही एकमेकांकडे ओढले जातात, त्यांचं आवडतं वाक्य चुकीचं निघालं, हे मी भीत भीत सांगितलं.

ते हसले. "मागायला नाय गेला गो तो. भेटायला गेला असंल."

खिडक्या लावून मी पिवळ्या कुपीवर बॅटरी धरली आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना विचारलं, "सर, काय दिसलं?"

ते कुपीवर वाकले. पिवळं म्हणून टाका हो, असं मला फार वाटत होतं. रंग तर मी आधीच सांगून ठेवला होता.

"मला काय दिसत नाय," सर म्हणाले. त्यांनी कुपी माझ्या हातात परत दिली आणि डोळे मिटून मागे टेकून बसले. "तू बघून सांग. तू आता जुळवत नायस."