लुगड्याचं शीड

आदिलाबादेत माझा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं आणि म्हातारी माणसं जायच्या आत घाईघाईनं काढून घेतलेले फोटो, एवढाच धंदा. त्यामुळे ऐंशीच्या दशकात निर्मलकडच्या एका धरणावरच्या साहेबांनी बोलावून सांगितलं की नव्या गेस्ट हाऊसच्या भिंतीवर शिडाच्या होडीचा फोटो लावायचाय, तेव्हा मी हुरळून गेलो.

"किनारे से नहीं, पानी में जाके लेना," साहेब म्हणाले. "नीचे आपका नाम भी डालेंगे."

त्या शेवटच्या वाक्यानं मी विरघळलो. मोठ्या भिंतीवर आपला फोटो आणि खाली आपलं नाव. मला दुसरं काही नकोच होतं.

धरणावर शिडाची होडी मात्र एकाच भोयाकडं. त्यानं बायकोची जुनी लुगडी जोडून बांबूला बांधली होती. एक हिरवं, एक जांभळं, फाटलं तिथं खताच्या पोत्याचं ठिगळ. तो त्या होडीत चढला. मला मिळाली पुट्टी, म्हणजे बांबूची विणलेली, खालून डांबर फासलेली गोल होडी. ती वल्हवायला त्याची बायको. पुट्टी पुढं जाते कमी, गरगरते जास्त. शीड नजरेत यावं, मी श्वास रोखावा, तोवर समोर नुसता डोंगर! मी बाईवर खेकसलो.

"पुट्टी हाय भाऊ, फिरनारच," ती शांतपणे म्हणाली. मग हसली. "माह्या जुन्या लुगड्यासाठी काऊन येवढा तरास घेऊन राह्यले तुमी?"

शेवटी मी तळाशी मांडी घातली, कोपरं गुडघ्यांवर रोवली आणि पुट्टीला हवी तशी फिरू दिली. दर फेरीला शीड समोर आलं की खटका दाबायचा. अशाच एका फेरीत वारा भरला, शीड टरारून फुगलं, ऊन लुगड्यांतून आरपार आलं आणि भोयाच्या तोंडावर हिरवा-जांभळा उजेड सांडला. फोटो मिळाला हे मला तिथंच कळलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

प्रिंट बघून साहेब खूष झाले. मोठा करायला हैदराबादला पाठवतो म्हणून त्यांनी निगेटिव्हही मागून घेतली. सरकारी माणसाला नाही म्हणायची आमच्याकडं रीत नव्हती.

उद्घाटनाला मी इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन गेलो. भिंतीवर होडी होती. माझीच, तोच कोन, तेच कलणं. पण तो फोटो नव्हता, निर्मलच्या कारागिराकडून फळीवर रंगवून घेतलेलं चित्र होतं. काळं आभाळ, सोनेरी पाणी. शीड पांढरंशुभ्र. भोयाच्या जागी दागिन्यांनी मढलेली एक बाई कमरेत वाकून उभी. खाली कारागिराचं नाव. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला सांगितलं ते त्यानं सुबक केलं.

"साब, मेरा फोटो?" मी विचारलं.

"वो तो सँपल था ना, पेंटर के वास्ते," साहेब म्हणाले. "फटा कपडा हॉल में अच्छा दिखता क्या?"

निगेटिव्हचं विचारलं, तर ती कुठं गेली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या घशाशी आलेल्या शिव्या मी बायकोकडं बघून गिळल्या. त्या गिळायला नको होत्या, असं आजही वाटतं.

तेवढ्यात साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कॅमेरा लाए ना? पेंटिंग के साथ मंत्रीजी का एक फोटो लेव."

मी काढला. दोन दिवसांनी तो पेपरात आला. उभ्या आयुष्यात छापून आलेला माझा तो एकच फोटो. खाली नावं होती मंत्र्यांचं, साहेबांचं आणि कारागिराचं.