मागचं कंडक्टर बघतो

"मागचं कंडक्टर बघतो," असं म्हणून काका डावा हात खांद्यावरून मागे झटकत. नळाला पाणी का आलं नाही, मुलीच्या सासरी काय निरोप धाडायचा, पावण्यांना भाकरी करायची की पोळी, कोणत्याही प्रश्नाला हेच उत्तर. घरातल्या कंडक्टर म्हणजे काकू. त्या आतून ओरडत, "मग तिकीट तरी काढा कधी!"

ते एसटीत चालक होते. सगळी नोकरी जुन्नर आणि आंबेगावच्या रस्त्यांवर गेली. चालकाने समोर बघायचं. कोण चढलं, कोण उतरलं, हे कंडक्टरचं काम. त्याने दोरी ओढून घंटीचा एक टोला दिला की थांबायचं, दोन दिले की निघायचं. मान वळवायचं कारण नाही. तुमच्या ओळखीत एखादा निवृत्त चालक असेल तर त्याची मान जरा निरखून बघा.

मी खोडदला त्यांच्या समोरच्या घरात भाड्याने राहत होतो आणि तालुक्यातून एका दैनिकाला बातम्या पाठवत होतो. त्यामुळे कळंबची घटना मला दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळाली. तिची बातमी मी केली नाही.

निवृत्तीनंतरच्या लग्नसराईत दोघे जुन्या मोटरसायकलवरून कळंबला लग्नाला गेले होते. परत येताना गावाबाहेरच्या गतिरोधकावर, एका बाजूला पाय सोडून बसलेल्या काकू खाली पडल्या. काकांना कळलंच नाही. लग्नातल्या मठ्ठ्यात मीठ कसं कमी होतं, हे ते काकूंना सांगत राहिले. नारायणगावात भेळेच्या गाडीपाशी थांबून त्यांनी विचारलं, "खायची का?" उत्तर आलं नाही, तेव्हा मागे पाहिलं.

ते तसेच उलटे फिरले. वाटेत टोमॅटोचा एक टेम्पो समोरून आला. त्यात चालकाशेजारी काकू बसल्या होत्या. त्यांनी धड असलेला हात बाहेर काढून हलवला. काका मात्र रस्त्याकडे बघत होते.

काकूंचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्या ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हाड बसलं. आता ह्यांच्या मागं मी न्हाई बसायची." गल्ली हसली. ते हसले नाहीत.

त्यानंतर कंडक्टरचं ते वाक्य काकांच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. ते काम गल्लीने घेतलं. "काय ड्रायव्हर, मागचं कंडक्टर बघतो ना?" असं कोणी विचारलं की ते पुढे जात. बाहेरगावी जायचं तर काकू एसटीने जात. ते मोटरसायकलवरून त्याच बसच्या मागून जात.

मग एके दिवशी ते पुण्याहून एक अवाढव्य मोटरसायकल घेऊन आले. वापरलेली, पण लांबच्या प्रवासासाठी बनवलेली. समोर काच, दोन्ही बाजूंना पेट्या. ती गोठ्याच्या जागी केलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. पोरं जमली. "काका, लडाख का?"

"आधी मागची शीट," ते म्हणाले.

पुढचं वर्षभर तेच उत्तर होतं. जुन्नरच्या गादीवाल्याकडून त्यांनी मागची सीट तीनदा करून घेतली. पाठीला टेकू बसवला, त्याला दोन्ही बाजूंनी खुर्चीसारखे हात बसवले. पाय ठेवायच्या खुंट्या काढून तिथे रुंद फळ्या लावल्या. बसच्या पायरीला असतो तसा नक्षीचा पत्रा वर ठोकला. पुढची सीट मात्र होती तशीच राहिली. तिचं रेक्झिन उसवलं होतं. मी लक्षात आणून दिलं तर म्हणाले, "तिथं मीच बसणार हाये."

नवीन भाग बसवला की ते स्वतः मागे चढून बसत आणि गाडी स्टँडवर असतानाच अंग डावी-उजवीकडे टाकून बघत. काकू ओसरीवर शेंगा फोडत हे पाहत. "कुठवर पोचलात?" त्या विचारत.

त्यांनी हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायचं बिनतारी यंत्र मागवलं. गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामावर असलेला शेजारी म्हणाला, "काका, हे इथं चालवू नका. आकाशातलं बारीक ऐकायचं असतं आम्हाला, त्यात तुमची खरखर येईल." काकू म्हणाल्या, "घरात बोलता तेवढं पुरं हाये." यंत्र परत गेलं.

त्यानंतर ते दोन दिवस शेडमध्ये काही न करता बसून होते. तिसऱ्या दिवशी जुन्या बाजारातून एक पितळी घंटी आणली. ती हँडलखाली टांगली, तिची दोरी सीटखालून कड्यांतून ओवून मागे नेली आणि उजव्या हाताजवळ सोडली. एक टोला, थांबायचं. दोन टोले, निघायचं. गल्लीने पोट धरून हसून घेतलं. काकू शेंगा सोडून उठल्या, दोरी एकदा ओढून बघितली आणि आत गेल्या.

पुढच्या रविवारी सकाळी त्या लेकीचा पंजाबी ड्रेस घालून बाहेर आल्या. दोन्हीकडे पाय टाकून मागे बसल्या. काकांनी इंजिन सुरू केलं. गाडी हलेना.

"निघा की."

"बेल."

"अवो, लोक बघत्यात!"

"बेल दे. त्याबिगर न्हाई हलायची."

"डबल द्या, काकू!" कोणीतरी ओरडलं. त्यांनी दोनदा दोरी ओढली.

कुठे जाऊन आलात, असं मी संध्याकाळी विचारलं. काकू म्हणाल्या, "कळंबला. त्या स्पीडब्रेकरपाशी एकच टोला दिला. गाडी जाग्यावर थांबली. ह्यांनी वळून बघितलं. मला तेवढंच बघायचं व्हतं."

लडाखला ते कधी गेले नाहीत. नाणेघाट, भीमाशंकर, लेकीचं सासर, एवढंच. घंटी मात्र गावभर ओळखीची झाली.

गेल्या दिवाळीनंतर काका थोडक्या आजारात गेले. गाडी शेडमध्ये उभी होती. काकूंना ती चालवता येत नव्हती आणि दुसऱ्या कोणाच्या मागे त्यांना बसायचं नव्हतं. चैत्रात नाशिकचा एक तरुण ती विकत न्यायला आला. त्याने टेकू बघितला, फळ्या बघितल्या, दोरी हातात धरली.

"काकू, ही घंटी काढून देऊ का तुम्हाला?"

"तुझ्या मागं कोण बसतं?"

"बायको."

"मग राहू दे."

त्याने हेल्मेट घातलं, इंजिन सुरू केलं. काकू ओसरीवरून उतरल्या, गाडीच्या मागे गेल्या आणि त्यांनी दोरी दोनदा ओढली.

तरुणाने मान वळवली. "काय झालं?"

"बघतोस वळून. बरं हाये," काकू म्हणाल्या. "नीघ आता."