पाण्यात उभा राहणारा मल्हारी

मल्हारी गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला, तेव्हा मी आणि आमचे पाळकसाहेब वडवणीहून बीडच्या दवाखान्याकडेच निघालो होतो. साहेबांच्या मांडीवर बायबल आणि एक तांब्या होता. मी गाडी बाजूला घेतली. साहेबांनी तांब्या सीटखाली ठेवला आणि आम्ही पुढे गेलो… त्याला आता काही आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही.

मल्हारी मेंढपाळ. आमच्या मंडळीचा नव्हता, पण मेंढ्या गावाजवळ असल्या की रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर असायचा. आमच्याकडे बाप्तिस्मा देताना माणसाला पूर्ण बुडवतात, शेततळ्यात. जुनं आयुष्य पाण्यात पुरायचं आणि नवं घेऊन वर यायचं, असा त्याचा अर्थ. पण शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद निसरडा, आणि आमच्यात पोहणारा कुणी नाही. लोकर कातरण्याआधी मेंढ्या धुणारा मल्हारी मात्र पाण्यात खांबासारखा उभा राहायचा. म्हणून प्रत्येक बाप्तिस्म्याला खोल बाजूला तो असायचा. साहेब पवित्र नाव घेऊन डोक्यावर हात ठेवायचे, पाठीखाली हात मल्हारीचा. वर आलेल्या माणसाला तो काठावरची आपली घोंगडी पांघरायचा. माझ्या वेळी मी घाबरून त्याचं मनगट सोडेना. माझं नाव बाप्तिस्मा देणाऱ्या योहानावरून ठेवलेलं. मल्हारी मोठ्यानं म्हणाला, "नाव योहान अन् पाण्याला भेतो! आरं, माजी मेंढरं बी एवढा कालवा करीत न्हाईत." काठावरच्या बायका हसल्या. साहेबांनाही हसू आवरेना.

पुढे मी मंडळीचा वडील, म्हणजे पाळकाच्या हाताखाली कारभार बघणारा, झालो. बाप्तिस्म्याआधीचे धडे मीच घ्यायचो आणि ठासून सांगायचो, की हा अधिकार फक्त दीक्षित पाळकाचा. मल्हारी मागून विचारायचा, "मी तर दरसाली भिजतो. मला धरता का न्हाई मोजणीत?" तू विश्वासाची कबुली कुठे दिलीस, असं मी म्हणायचो. "दिऊ की. गडबड काय हाय?"

गेला त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात त्यानं ती दिली. धाप लागत होती, शब्द तुटत होते. "माजा इस्वास हाय त्याच्यावर. टाक पाणी." खाटेवरच्या आजाऱ्याला आमच्यात डोक्यावर पाणी ओतूनही बाप्तिस्मा देतात, आणि उशाशी पाण्याची बाटली होती. मी म्हणालो, साहेब बाहेरगावी आहेत, उद्या सकाळी घेऊन येतो.

"तूच टाक की बे. कावून न्हाई?"

"मला अधिकार नाही, मल्हारी."

त्याचा मुलगा पायथ्याशी बसला होता. तो म्हणाला, "आबा म्हनतेत तर टाका की, काका." मी मान हलवली. मल्हारीनं बाटलीकडे बोट केलं. मग म्हणाला, "बरं… पाज तरी." मी बाटली त्याच्या ओठाला लावली.

त्याचं शेवटचं सगळं त्याच्या घरच्यांच्या रीतीनं झालं. परतताना मी साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "एरवी पाळकानंच द्यावा, ही शिस्त आहे. पण मरणाच्या दारात कुणाही विश्वासणाऱ्यानं दिला असता, तरी मी तो मानला असता. अधिकार त्या नावाचा असतो, योहान. आपण नुसते हात." थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "फोन तरी करायचास." फोन माझ्या खिशातच होता.

देवानं त्याला दूर लोटलं असेल, असं साहेब मानत नाहीत. मीही मानत नाही. पण त्यानं मागितलं होतं माझ्याकडे… आणि मी त्याच्यापुढे नियम धरला.

घोंगडी चर्चच्या कपाटात आहे. मुलगा नेईना. "ती हितलीच हाय," म्हणाला. येत्या रविवारी दोघींचा बाप्तिस्मा आहे. खोल बाजूला कोण उभं राहणार, हे साहेबांनी विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. काल संध्याकाळी घोंगडी घेऊन मी शेततळ्यावर गेलो. काठाचा दोर कमरेला बांधून छातीभर पाण्यात उतरलो. पाय सरकत होते. पाठीखाली धरायचा असतो तसा हात पाण्याखाली पसरला आणि तसाच उभा राहिलो. बाहेर आलो, तेव्हा घोंगडी काठावर होती. ती माझी मीच पांघरली.