स्टेशनला लागून असलेलं हॉटेल

बदलापूरला कात्रपच्या आमच्या सोसायटीत जपानला जाऊन आलेला मी एकटाच. त्यामुळे कुणाचा मुलगा कंपनीच्या ट्रेनिंगला निघाला, कुणी टूरवाल्यांशिवाय स्वतःच फिरून यायचं ठरवलं, की माझ्याकडे येतात. विचारायचं बहुधा एकच असतं : हॉटेल कुठलं घ्यावं? मी सांगतो, स्टेशनजवळचं घ्या. बॅगा ओढाव्या लागत नाहीत, खाली खायला मिळतं, कुठेही जायला सोपं पडतं. सल्ला चुकीचा नाही. मी स्वतः तेच केलं होतं. आलेली माणसं चहा पिऊन जाईपर्यंत आई आतल्या खोलीतून बाहेर येत नाही.

मी ग्रॅज्युएट झालो तो दादामुळे. आम्ही मूळचे बदलापूरजवळच्या चामटोलीचे. बाबा आनंदनगरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होते. मी नववीत असताना ते गेले. दादाचा तेव्हा नुकताच आयटीआयचा फिटर कोर्स संपला होता. त्यालाही पुढे डिप्लोमा करायचा होता, हे मला पुष्कळ नंतर त्याच्या मित्राकडून कळलं. घरात त्याने एवढंच सांगितलं की एकाने तरी पदवी घ्यायची, आणि तू नाहीतरी पुस्तक धरूनच बसतोस. मी बदलापूरच्या मराठी शाळेतून उल्हासनगरच्या कॉलेजात गेलो, तो बाबांच्या कंपनीत कामाला लागला. बीकॉमचा निकाल लागला तेव्हा माझी मार्कशीट घेऊन तो अंबरनाथला गेला आणि लॅमिनेट करून आला. लॅमिनेट केलेली मार्कशीट पुढे कुठे चालत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मला एका कंपनीच्या डिस्पॅचमध्ये नोकरी लागली, आम्ही कात्रपला फ्लॅट घेतला, आणि मग दादाने स्वतःचं काहीतरी करायला घेतलं. शिफ्ट संपली की अंबरनाथला जपानी भाषेच्या क्लासला जायचा. वर्ग सगळा पोरासोरांचा, हा पस्तिशीचा. दीड वर्षाने निवड झाली आणि जपानमधल्या एका मध्यम शहरात, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो मशीन दुरुस्तीला लागला. जाण्याआधी आईचा पासपोर्ट काढून ठेवला. तिला तिथले मोठे मोठे बुद्ध दाखवायचे होते.

तो पासपोर्ट दोन वर्षांनी कामाला आला. दादा कामावर असताना खाली कोसळला. मेंदूत रक्तस्राव. ऑपरेशन झालं, शुद्ध आली नाही. कंपनीच्या दुभाष्याने फोन केला. वयस्कर गृहस्थ होते, हिंदी चांगलं बोलायचे. ते म्हणाले, डॉक्टर सांगतायत घरच्यांनी यावं. किती दिवस आहेत हे डॉक्टर सांगत नव्हते. विहारातल्या बायका आईला धीर द्यायला आल्या. बुद्धाच्या देशात आहे तो, त्याला काही व्हायचं नाही, असं त्या म्हणत होत्या आणि आई मान हलवत होती. आईचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. मला रोज म्हणायची, "त्याचा जीव एकटा जायला नको. मला नेऊन पोचव, बाकी माझं काय म्हणणं नाय."

व्हिसाचे कागद कंपनीने पाठवले. हॉटेलही आम्हीच बघू का, असं दुभाष्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, नको, आम्ही करतो. त्या लोकांनी आधीच खूप केलं होतं, आणखी त्रास कशाला द्यायचा, असं मला वाटलं. दोन दिवस मी फोनवर व्हिडिओ बघितले, लोकांनी लिहिलेलं वाचलं, वहीत टिपणं काढली. सगळ्यांचं म्हणणं सारखंच होतं : जपानमध्ये हॉटेल निवडताना स्टेशनपासूनचं अंतर पाहा. हे सगळं फिरायला जाणाऱ्यांनी फिरायला जाणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी परीक्षेचा अभ्यास करावा तसं ते वाचलं.

तिकिटं उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून काढली. आमच्या कंपनीची तिकिटं तेच काढतात, सगळे त्यांना साईं म्हणतात. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दोन हॉटेलं दाखवली. एक लहानसं होतं, फोटोत खोल्या अगदी चिंचोळ्या, पण खाली लिहिलेलं : हॉस्पिटलपासून चालत सात मिनिटे. दुसरं स्टेशनला लागून, बारा मजली. तिथून हॉस्पिटल बसने पंचवीस मिनिटं.

साईं म्हणाले, "बघ बेटा, पेशंट हॉस्पिटलमध्ये आहे ना? मग हॉस्पिटलच्या बाजूला रहा. तुला काय स्टेशनवर वडापाव विकायचाय?"

मी त्यांना समजावलं. आमचा फ्लॅट घेताना बिल्डरच्या कागदावर छापलं होतं, स्टेशनपासून पाच मिनिटे. राहायला आलो तेव्हा कळलं की ती पाच मिनिटं रिक्षाने, तीसुद्धा रस्ता मोकळा असला तर. चालत पंचवीस लागतात. बदलापुरात असे फसलेले आम्ही एकटे नाही. आमच्याकडे जाहिरातीतली मिनिटं कुणी खरी धरतच नाही, पाचाने गुणूनच घेतो. घरात कुणी उशिरा आलं की दादा म्हणायचा, आले का बिल्डरच्या पाच मिनिटांत? म्हणून त्या सात मिनिटांची मी पस्तीस केली. आईच्या गुडघ्यांना पस्तीस मिनिटं चालणं झेपलं नसतं, आणि त्या बाजूला रिक्षा मिळेल की नाही कुणास ठाऊक. स्टेशनवर काही ना काही वाहन मिळणारच. हा हिशेब मी साईंना सांगितला तेव्हा मला तो फार शहाणपणाचा वाटत होता. त्यांनी माझ्या शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तो शिकलेलाय. तो म्हणतो ते घ्या."

हॉटेल छान होतं. हे लिहायला पाहिजे, कारण ते खरं आहे. खिडकीतून सगळं स्टेशन दिसायचं, खोलीत चहाची सोय होती, खाली भात मिळायचा. पहिल्या दुपारी बसने हॉस्पिटलला गेलो. आयसीयूत दुपारी दोन ते तीन भेटता यायचं. दादाच्या डोक्याला पट्टी होती, तोंडात नळी. चेहरा सुजून गुळगुळीत झाला होता, वयापेक्षा लहान वाटत होता. आई रडली नाही. तिने त्याच्या पायाचे तळवे हातात घेतले आणि चोळत बसली. नर्सने अडवलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी आईसाठी तिने त्या बाजूला स्टूल आणून ठेवलं होतं.

त्या पहिल्याच दिवशी मला एक फॉर्म भरायला दिला. दुभाषी एकेक ओळ सांगत होते. नाव, नातं, फोन. मग एक चौकट होती : बोलावल्यास किती मिनिटांत पोहोचू शकाल? मी तीस लिहिलं. नर्सने ते वाचलं आणि दुभाष्यांना हळू आवाजात काही विचारलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले की आयसीयूतल्या पेशंटचे नातेवाईक सहसा त्या मागच्या छोट्या हॉटेलात उतरतात, तुम्ही तिथे का नाही उतरलात, असं या विचारतायत. मी म्हटलं, ते लांब आहे ना चालायला. ते गोंधळले. "सात मिनट है," ते म्हणाले. "लिखा नहीं था?"

लिहिलेलं होतं. त्या संध्याकाळी आईला हॉस्पिटलमधल्या बाकावर बसवून मी तिथे चालत गेलो. सातच मिनिटं लागली. जपानमध्ये लिहिलेलं तसंच असतं, हे दादानेच मला एकदा फोनवर कारखान्याच्या बसबद्दल बोलताना सांगितलं होतं. तेव्हा मी हसलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी वाकून नमस्कार केला आणि कॅलेंडर दाखवलं. जवळच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा होती. चार दिवस एकही खोली नव्हती. हे मी आईला सांगितलं नाही. हॉस्पिटलमधल्या बाकावर रात्री थांबू द्याल का, असं दुभाष्यांमार्फत विचारून पाहिलं. तशी पद्धत नाही, पण फरक पडला तर लगेच फोन करू, असं त्यांनी कळवलं.

फोन तिसऱ्या सकाळी आला. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. दुभाषी म्हणाले, ब्लड प्रेशर उतरतंय, आ जाइए. आम्ही पाच मिनिटांत खाली होतो. पाऊस पडत होता. बस नुकतीच गेलेली, पुढची अर्ध्या तासाने. टॅक्सीच्या जागी रांग होती. मी मोजली, चौदा माणसं. ऑफिसला जाणारे, दोन म्हाताऱ्या बायका, सगळ्यांच्या छत्र्या सारख्या अंतरावर. कुणी बोलत नव्हतं. दर दोन मिनिटांनी एखादी टॅक्सी यायची, एक माणूस बसायचा, दार आपोआप मिटायचं.

बदलापूरला असतो तर मी पुढे घुसलो असतो, हातापाया पडलो असतो. तिथे मी रांगेत उभा राहिलो. आपण दुसऱ्याच्या देशात आलोय, शिकलेल्या माणसासारखं वागावं, असं काहीतरी डोक्यात होतं. इतकी वर्षं मी तेच तर शिकलो होतो. फोनमध्ये जपानीत एक वाक्य तयार करून ठेवलेलं होतं : माझा भाऊ हॉस्पिटलमध्ये मरणाच्या दारात आहे, कृपया आम्हाला पुढे जाऊ द्या. ते स्क्रीनवर काढून मी उभा होतो. प्रत्येक टॅक्सी गेली की वाटायचं, आता थोडेच उरलेत.

आईने दोनदा विचारलं, कितीजण राहिले. तिसऱ्यांदा तिने माझा दंड धरला. "सांग ना त्यांना," ती म्हणाली. "लाजतोस कशाला? तुझा भाऊ आहे."

मी पुढच्या माणसाला फोन दाखवला. त्याने वाचलं, त्याच्या पुढच्याला काही सांगितलं, आणि सगळी रांग बाजूला झाली. अक्षरशः सगळी. पहिल्या बाईने टॅक्सीत बसवताना आईच्या पाठीला हात लावला आणि आमच्यावर छत्री धरली. तोवर आमच्या पुढे सहाजण उरले होते. घड्याळात आठ तीस झाले होते. पंधरा मिनिटं मी ते वाक्य हातात धरून उभा होतो.

आठ पन्नासला आम्ही वर पोहोचलो. दुभाषी दाराशीच होते. पडद्याच्या आत दादाच्या तोंडातली नळी तशीच होती, छाती वरखाली होत होती. आई थेट पायांकडे गेली. डॉक्टर आले, त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, छातीवर स्टेथोस्कोप लावला, मग मनगटावरचं घड्याळ पाहून मोठ्याने वेळ सांगितली आणि खूप वेळ वाकून उभे राहिले. आठ त्रेपन्न. नर्सने श्वासाचं मशीन बंद केलं, तेव्हा छाती थांबली.

आई आत होती तेव्हा मी दुभाष्यांना बाहेर घेतलं. माझ्या मनात काय आहे ते त्यांना आधीच कळलं असावं. ते म्हणाले, "सच पूछोगे तो बता दूँगा. नहीं पूछोगे तो कागज़ का टाइम ही सही है।"

मी विचारलं. हृदय आठ एक्केचाळीसला थांबलं होतं. घरचे येईपर्यंत डॉक्टर थांबतात, त्यांच्यासमोर पाहतात, आणि तीच वेळ लिहितात. हॉस्पिटलांत असं बऱ्याचदा करतात, ते म्हणाले, म्हणजे आपण वेळेवर पोचलो नाही असं कुणाला आयुष्यभर वाटायला नको. त्यांना वाटलं असावं की मला यातून बरं वाटेल.

अंत्यसंस्कार तिथेच झाले. कारखान्यातले लोक काळ्या कपड्यांत आले. आईने त्रिशरण म्हटलं, मला पुढचं आठवेना. अस्थी घेऊन आम्ही घरी आलो.

दादाच्या पुण्यानुमोदनाला चामटोलीहून सगळे आले. थोरल्या आत्याने आईच्या शेजारी बसून सगळ्यांच्या मनातलं विचारलं. एवढ्या लांब गेलीस, भेटला का गं पोरगा जिवंतपणी? शेवटाला होतीस का जवळ?

"होते," आई म्हणाली. "पाय धरून होते. माझ्यासमोर गेला."

आत्या रडायला लागली आणि म्हणाली, नशीबवान आहेस. कुणीतरी मागून पुटपुटलं की मशीनवर असलेल्या माणसाचं काही खरं नसतं, कधी गेला ते कुणाला कळतं. आईने मान वर केली. कपाटातला कागद आणायला तिने मला सांगितलं. मृत्यूचा दाखला जपानीत होता, खाली कंपनीने इंग्रजी भाषांतर जोडलं होतं. ते वाचणारा त्या खोलीत मीच होतो.

"वाच," ती म्हणाली. "टाइम काय लिहिलाय, वाच. आणि आपण कधी पोचलो ते पण सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने तळवे धरले होते ते गरम होते की गार, हे मी तिला कधी विचारलेलं नाही आणि तिनेही आपण होऊन सांगितलेलं नाही. खोलीत पंचवीसेक माणसं होती. मी उभा राहिलो आणि वाचलं, आठ वाजून त्रेपन्न मिनिटं. मग म्हटलं, आम्ही आठ पन्नासला पोचलो होतो.